एका दिव्याची गाडी

सन दोन हजार बावीस, हिवाळा. डिसेंबरचा शेवटचा आठवडा होता. सकाळी उतरलेलं धुकं दुपार झाली तरी खिडकीच्या काचा सोडत नव्हतं. जेवण उरकून खरादी कॉम्प्युटरपुढे बसला. काम अगदी साधं होतं. इंटरनेटवरच्या चर्चेच्या फोरमची अक्षरं बारीक दिसायला लागली होती, ती जरा मोठी करायची होती.

खरादी हे काही त्याचं खरं नाव नव्हे. उभा जन्म लेथपुढे गेला, म्हणून कारखान्यात सगळे त्याला खरादी म्हणत. फोरमवर नाव द्यायची वेळ आली तेव्हा त्याने तेच दिलं. शाळा लहानपणीच सुटली होती, पण हात असा की लोखंडावरून बोट फिरवून केसाएवढा फरक सांगायचा. त्याच उजव्या हाताची दोन बोटं पुढे मशीनने घेतली. हा विषय घरात निघत नसे. निघाला तर तो उठून जाई.

निवृत्तीनंतर माणूस घरात कुढत बसेल म्हणून लेकीने आपल्या दुरुस्तीच्या दुकानातला एक जुना कॉम्प्युटर आणून दिला होता. त्यावर तिने लिनक्स टाकलं होतं.

"विंडोज का नाही?" त्याने विचारलं होतं. सगळ्यांकडे विंडोज असतं, एवढं त्याला ठाऊक होतं.

"या डब्यावर विंडोज म्हणजे मुंगीच्या पाठीवर कपाट, बाबा. लिनक्स हलकं आहे. फक्त डोकं लावावं लागतं."

"लावू. रिकामंच आहे."

बातम्या वाचायला म्हणून बसलेला माणूस ट्रकच्या गेममध्ये अडकला. माल भरायचा आणि पोचवायचा, एवढाच तो गेम. बर्फाचे लांबच लांब रस्ते, बहुतेक वेळ रात्र, दोन्ही अंगांना झाडं आणि पुढे आपल्याच दिव्यांचा उजेड. बायको म्हणायची, "जन्मभर कारखान्यात उभे राहिलात, आता बसून ट्रक हाकताय. निदान भाजी तरी आणा त्यातून!"

गेम बनलेला विंडोजसाठी. लिनक्सवर चालवायचा तर मध्ये एक दुभाष्या बसवावा लागतो. गेम आपल्या भाषेत काहीतरी मागतो, दुभाष्या ते लिनक्सला समजावून सांगतो. दुभाष्या रुसला की गाडी जागची हलत नाही. त्यात लेकीने भंगारातून आणलेलं स्टेअरिंग इतकं जुनं, की ते बनवणारी कंपनीच उरली नव्हती. म्हणून तो फोरमवर गेला. अशाच माणसांचा तो फोरम होता, लिनक्सवर गेम चालवण्याची खाज असलेल्यांचा. तिथे त्याला कंदील भेटला.

कंदील हेही टोपणनावच. माणूस कोण, कुठला, त्याने कधी विचारलं नाही. एवढं कळलं होतं की पक्षाघाताने त्याची डावी बाजू गेली आहे, धाकटी बहीण सांभाळते आणि तो एका हाताने ट्रक चालवतो. भारी बोलका. चार शब्दांच्या जागी चाळीस लिहायचा. त्याच्याकडेही नेमकं तेच जुनं स्टेअरिंग होतं. एका हाताला जमावं म्हणून त्याने बरीच खटपट करून एक छोटी फाईल तयार केली होती. ती घातली की गेम ते जुनं स्टेअरिंग ओळखायचा, शिवाय ते लोण्यासारखं हलकं व्हायचं, जरासं फिरवलं तरी गाडी पुरती वळायची. ती फाईल त्याने खरादीला दिली. आपल्या तुटलेल्या बोटांची गोष्ट खरादीने फोरमवर त्या एकालाच सांगितली होती.

"एका हाताची फाईल दीड हाताला चालायला काय हरकत आहे?" कंदीलने लिहिलं होतं. खरादी त्या दिवशी खोलीत एकटाच हसला होता.

मग दोघं रोज इंटरनेटवरून एकाच रस्त्याला लागू लागले. कंदीलच्या ट्रकला एकच दिवा असे, उजवीकडचा. डावा त्याने मुद्दाम काढून टाकला होता. "गाडी धन्यावर गेली आहे," म्हणायचा. कुठे रुतला की तो दिवा दोनदा मिचकवायचा. म्हणजे खरादीने आरशात बघायचं, मागे यायचं आणि ओढून काढायचं.

फोरम आपल्याला हवा तसा दिसावा, हेही कंदीलनेच शिकवलं. ब्राउझरमध्ये एक एक्स्टेंशन बसवायचं आणि त्यात आपले नियम लिहायचे. जाहिराती दिसू नयेत. अक्षर मोठं यावं. लोकांच्या सहीखालची नाचरी चित्रं जावीत. "घर भाड्याचं असलं तरी पडदे आपले लावावेत," असं तो म्हणायचा.

मग त्या वर्षीच्या उन्हाळ्यात ती गोष्ट झाली.

खरादीने फोरमवर मोठ्या तोऱ्यात एक लेख लिहिला. जुनं स्टेअरिंग मी माझ्या हाताबरहुकूम कसं घडवलं, असा. लोकांनी वाहवा केली. कुणी उस्ताद म्हटलं. फाईल कंदीलची आहे हे लेखात कुठेही नव्हतं. लिहिताना राहून गेलं, असं त्याने मनाला सांगितलं. राहून गेलं नव्हतं.

त्याखाली कंदीलने लिहिलं, "वा! दीड हाताचा माणूस आता दोन हातवाल्यांना शिकवणार! फाईल कुणाच्या भट्टीतली ते सांगायला विसरलास वाटतं. असो. म्हातारपण."

लोक हसले. एकाने विचारलं, दीड हात म्हणजे काय हो?

खरादीच्या कानशिलांत आग उतरली. चेष्टा मायेची होती, हे त्याला कळत होतं. बोल खरा होता, हेही कळत होतं, आणि तोच जास्त लागला.  फोरमवर एखाद्याला झाकून टाकायची सोय असते, पण तिथे एक करडी पट्टी उरते: या सदस्याचा मजकूर लपवला आहे. खरादीला ती पट्टीसुद्धा नको होती. कंदीलनेच शिकवलेल्या रीतीने त्याने नियम लिहिला. कंदीलने लिहिलेलं दिसू नये. ज्या मजकुरात त्याचं नाव आहे तोही दिसू नये, मग लिहिणारा कुणी का असेना. त्याचा खासगी निरोप येऊ नये, सूचनेची घंटा वाजू नये. आणि रिकामी जागाही राहू नये. वरचं खालच्याला येऊन भिडावं. काम चोख झालं. त्याचं काम नेहमी चोखच असायचं.

तेव्हापासून तो एकटाच ट्रक चालवत होता.

आता डिसेंबरातल्या या दुपारी त्याने अक्षरं मोठी केली आणि फोरमचं पान पुन्हा उघडलं. पानाला भोक पडलं होतं. दोन माणसांच्या बोलण्यामध्ये वीतभर कोरी जागा. त्याने नियम उघडून पाहिला. नियम जागच्या जागी होता. पान पुन्हा आणलं. कोरी जागा तशीच होती, फक्त थोडी वर सरकली होती.

"गेलं खड्ड्यात," म्हणून त्याने फोरम बंद केला आणि गेम लावला. खेळताना मध्येच काही अपडेट उतरून दुभाष्याचं बिनसू नये म्हणून तो इंटरनेटची वायर काढून ठेवत असे. आजही काढली.

खोलीत पांढुरकी दुपार होती, पडद्यावर रात्र. बायको आत आडवी झाली होती. घरात आवाज फक्त स्टेअरिंगच्या मोटरचा, कानाशी डास घोंघावावा तसा. गेममध्ये बर्फ पडत होतं. वायपर जात होता, येत होता. रस्ता सरळ होता आणि पुढेमागे कुणी नव्हतं.

मग आरशात एक दिवा दिसला.

एकच. उजवीकडचा. वायर काढलेली असताना रस्त्यावरच्या बाकी गाड्या गेम स्वतः चालवतो, आणि त्या सगळ्यांना दोन दिवे असतात. खरादीने वेग कमी केला. दिवा तेवढाच दूर राहिला. वेग वाढवला. दिवा तेवढाच दूर. वळण आलं, दिवा झाडांआड गेला, पुन्हा दिसला.

मग तो दोनदा मिचकला.

खरादीचा पाय ब्रेककडे गेला आणि वाटेतच थांबला. दिवा थोडा वेळ नुसता जळत राहिला. पुन्हा दोनदा मिचकला. खोलीत कसलातरी वास येऊ लागला. ओळखीचा, जुना. नुकती विझवलेली वात धुमसते, तसा.

"अहो..." आतून बायकोचा आवाज आला. "काही जळतंय का? वातीचा वास येतोय."

"तुझ्या नाकात जळतंय."

"नाक माझं असलं तरी घर दोघांचं आहे. बघा उठून."

तो उठला नाही. उठता आलं नाही. हाताखालचं स्टेअरिंग हलायला लागलं होतं. वळायचं, थांबायचं, पुन्हा वळायचं, थांबायचं. दोन हातांचा माणूस असं फिरवत नाही. एकच हात असला की थोडं फिरवून, गुडघ्याने अडवून, हात पुढे सरकवावा लागतो. ही तऱ्हा कंदीलने त्याला कधीकाळी सविस्तर लिहून कळवली होती.

खरादीने गेम बंद केला. स्वयंपाकघरात जाऊन शेगडी पाहून आला. शेगडी थंड होती.

पुढचे दिवस त्याने गेमला हात लावला नाही. पण फोरम सुटला नाही. पानावरची भोकं वाढत होती. त्यांच्या कडेला लोकांची तुटक वाक्यं दिसत. ती तिथे बरेच दिवस असावीत, त्यानेच कधी नीट वाचली नव्हती. कुणी लिहिलं होतं, "दादा, धीर धरा. मिळेल." दुसऱ्याने, "माझ्याकडे असती तर लगेच दिली असती." आणि एकाने, "ज्याच्याकडे आहे तो रोज येतो, वाचतो आणि गप्प बसतो. काय बोलावं?"

खरादीने ते वाचलं आणि इकडे तिकडे पाहिलं, खोलीत कुणी पाहत असल्यासारखं.

रविवारी लेक आली. आल्या आल्या खुर्ची ओढून कॉम्प्युटरपुढे बसली.

"आई म्हणते तुम्ही जेवत नाही."

"तिचं काय ऐकतेस. हे बघ. पानाला भोकं का पडतात?"

तिने नियम उघडला, वाचला आणि शीळ घातली. "एवढं कडेकोट? बाबा, हा नियम आहे का तुरुंग?"

"चुकलाय का तो सांग."

"चुकला नाही. म्हणूनच ही जागा यायला नको." तिने एकदोन गोष्टी करून पाहिल्या. भोकं हलली नाहीत. "नियम काढून पाहू. दोन मिनिटांत कळेल मागे काय आहे ते."

"नको."

"कुणावर राग आहे एवढा?"

"राग नाही."

"मग?"

तो खिडकीकडे बघत राहिला.  लेक उठून चपला घालू लागली.

"बाबा, लहानपणापासून बघते. तुम्ही ओरडलात तर मला भीती नाही वाटत. चूक तुमची असते ना, तेव्हा तुम्ही असे खिडकीबाहेर बघता."

"जा आता. उशीर होईल."

ती गेली. बायकोने दार लावलं आणि त्याच्याकडे न पाहता आत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो हट्टाने गेमला बसला. आपल्याच घरात, आपल्याच खुर्चीत घाबरायचं म्हणजे काय! वायर काढली. ट्रक सुरू केला. आरशात काही नव्हतं. बर्फ थांबलं होतं. दोन डोंगरांमधला रस्ता, वर काळं आभाळ. बराच वेळ तो नुसता चालवत राहिला आणि छाती हळूहळू सैल झाली.

वळण संपलं आणि समोर गाडी उभी.

रस्त्यात आडवी होती. त्याने ब्रेक दाबला. ट्रक घसरत गेला आणि तिच्यापासून हातभर अंतरावर थांबला. एक दिवा त्याच्याकडे रोखलेला होता. पिवळा, मंद. त्यामागची काच काळी होती. या गेममध्ये दुसऱ्या गाडीत माणूस दिसत नाही, नुसती रंगवलेली काच असते. खरादीला ते माहीत होतं. पण या काचेवर आतून वाफ धरली होती. वाफेचा गोळा मोठा व्हायचा, आटायचा. पुन्हा मोठा व्हायचा.

आत कुणीतरी श्वास घेत होतं.

दिवा दोनदा मिचकला. उजेड आणखी उतरला होता. तेल संपत आल्यासारखा.

"काय पाहिजे?" खरादी म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "काय... पाहिजे काय तुला?"

दिवा मिचकला.

त्याने स्टेअरिंगची वायर ओढून काढली आणि वाकून भिंतीतला कॉम्प्युटरचा प्लग उपटला. पंखा घरघरत थांबला. पडदा काळा झाला. त्या काळ्यात, उजवीकडे, एक पिवळा ठिपका तसाच राहिला. त्याने पडद्यावर तळहात ठेवला. काच तिथे कोमट होती. बोटं जिथे नव्हती, त्या फटीतून उजेड बाहेर येत होता.

किती वेळ तो तसा उभा होता कुणास ठाऊक. शेवटी ठिपका मावळला. मग त्याने प्लग लावला, इंटरनेटची वायर जोडली, फोरम उघडला आणि कुणालाही न विचारता नियम पुसून टाकला.

पान भरून आलं.

त्या चेष्टेनंतरचा पहिला मजकूर पावसाळ्यातला होता, ऐसपैस, नेहमीच्या ढंगाचा. "खरादी, दीड हाताच्या गुरू, रुसवा पुरे झाला. ऐक. माझी डिस्क मेली. सगळं गेलं, स्टेअरिंगची फाईलही गेली. नवी करायला बसलो, पण आता उजवा हातही पूर्वीसारखा ऐकत नाही आणि डोकं तर त्याहून नाही. त्या फाईलची एकच प्रत जगात उरली आहे, ती तुझ्याकडे. पाठव. मग हवं तेवढं रूस."

त्यानंतर काही दिवसांनी: "त्या चेष्टेबद्दल माफ कर. बोटांचं बोलायला नको होतं. लेखात तुझंच नाव राहू दे, माझी काही तक्रार नाही. फक्त फाईल दे."

मग मजकूर आखूड होत गेले. चाळीस शब्द लिहिणारा माणूस चारावर आला. "खरादी, वाचतोयस ना?" मग, "गाडी वळत नाही रे." मग नुसतं, "खरादी."

मधूनमधून इतर लोक कंदीलचं नाव घेऊन खरादीलाच हाका मारत होते. कुणी विनवत होतं, कुणी चिडलं होतं. आणि या सगळ्यांखाली नवीनच नावाने कुणीतरी लिहिलं होतं:

"मी कंदील यांची धाकटी बहीण. दादा नोव्हेंबरात गेले. तुमच्याविषयी फार बोलायचे, म्हणून कळवते. शेवटी शेवटी गेम लावून नुसते बसायचे. गाडी रस्त्यात उभी असायची, दिवा तेवढा मिचकवत राहायचे. मी विचारलं, कुणाला हो? तर म्हणायचे, पुढे एक जण गेला आहे, आरशात बघेल. कॉम्प्युटर मी बंद करून कपाटात ठेवला आहे. सगळ्यांचे आभार."

खरादीने ते पुन्हा वाचलं. कारखान्यातली एक गोष्ट त्याच्या डोळ्यांपुढे आली. तिथे एकमेकांची हत्यारं मागून घ्यायची रीत होती, आणि भोंगा व्हायच्या आत ती परत धन्याच्या हातात गेली पाहिजेत, ही दुसरी रीत. एका पोरसवदा कामगाराने एकदा दुसऱ्याचा मायक्रोमीटर चुकून घरी नेला होता. खरादीने त्याला सगळ्यांसमोर उभं करून विचारलं होतं, "दुसऱ्याचं हत्यार दाबून तुला झोप कशी लागली?" पोरगा रडला होता. खरादीला तेव्हा आपण फार सरळ माणूस आहोत असं वाटलं होतं.

त्याला झोप लागली होती. सबंध पावसाळा, सबंध शरद. छान लागली होती.

मग त्याची नजर बहिणीच्या मजकुराखाली गेली. तिथे आणखी काही होतं. नाव कंदील. तारीख आजची.

"अजून इथेच आहे."

वातीचा वास इतका दाट झाला की त्याला ठसका लागला. त्याने लिहायला घेतलं. तीन बोटांच्या हाताने एकेक अक्षर शोधत लिहिलं, की तब्येत बरी नव्हती, लक्षात आलं नाही. खोडलं. लिहिलं, की फोरम नीट दिसत नव्हता. तेही खोडलं. खासगी निरोप पाठवावा, चारचौघांत कशाला, असंही मनात आलं. त्याने दातांवर दात दाबले आणि त्याच जागी, सगळ्यांच्या देखत, जिथे उस्ताद म्हणवून घेतलं होतं तिथे लिहिलं:

"स्टेअरिंगची फाईल कंदीलने बनवली. मी ती माझी म्हणून मिरवली. तो खरं बोलला म्हणून मी त्याला माझ्या पानावरून पुसलं, आणि तो मागत राहिला ते मला दिसलं नाही, कारण मला बघायचं नव्हतं. माझ्या उजव्या हाताला दोन बोटं नाहीत. कंदील, तुझं हत्यार परत करतो. उशीर झाला."

फाईल जोडली. बटण दाबलं.

काही झालं नाही. बाहेर कुणाची तरी सायकल गेली. मग टेबलावरचं स्टेअरिंग किंचित हललं. त्याची वायर काढलेली होती, ती टेबलाच्या कडेवरून मोकळी लोंबत होती. स्टेअरिंग डावीकडे वळलं, थांबलं. पुन्हा वळलं, थांबलं. मग उजवीकडे. एखादा माणूस आडवी लागलेली गाडी पुढेमागे करून रस्त्याला लावतो, तसं बराच वेळ चाललं होतं. खरादी खुर्चीला पाठ टेकून बघत राहिला. एकदा त्याचा हात आपसूक मदतीला पुढे झाला. त्याने तो मागे घेतला.

स्टेअरिंग सरळ झालं. सरळ राहिलं. नंतर ते हललं नाही, आणि वासही गेला.

"अहो," बायको दारात उभी होती, "कुणाशी बोलताय?"

"बोलत नव्हतो."

"रडताय का?"

"धुकं आहे."

"घरात?" ती म्हणाली.  पाण्याचा तांब्या त्याच्याजवळ ठेवून गेली.

पुढच्या रविवारी लेक आली तेव्हा स्टेअरिंग ऐकत नव्हतं. वायर जोडली, गेम लावला, चाक फिरवलं, तरी ट्रक नाकासमोर जात होता. लेकीने फोल्डर उघडून पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"फाईलच नाही. पुसलीत का?"

"नाही. पाठवली."

"पाठवली तरी मूळ आपल्याकडे राहतं, बाबा. इथून पत्र टाकल्यासारखं ते जात नाही." तिने आणखी शोधलं. बऱ्याच वेळाने मागे रेलून म्हणाली, "दुकानात तुमच्या मशीनची एक प्रत ठेवली होती मी. आत्ता इंटरनेटवरून तिथेही बघितलं. बाकी सगळं आहे. तेवढीच नाही... असं होत नाही."

खरादीने टेबलावरच्या स्टेअरिंगवर हात ठेवला.

"फोरमवर टाकली आहे ना तुम्ही? थांबा, तिथून उतरवून घेते."

"नको."

"अहो, मग गाडी वळणार कशी?"

"नको म्हटलं ना." त्याने स्टेअरिंगची वायर काढली आणि सावकाश गुंडाळू लागला. "दुसऱ्याचं होतं. दिलं."